काल तू फोन ठेवलास त्याबद्दल

२ नोव्हेंबर २०२०

चि. छोटी,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. "बाबा, तुला दुसरं काही विचारताच येत नाही का?" असं म्हणून ठेवलास. आई म्हणाली, बरोबर बोलली पोरगी. मग आम्ही दोघं आवाज बंद करून टीव्ही बघत बसलो.

म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणजे येतं, पण मला ते कळणार नाही. आणि घाबरू नकोस, तो प्रश्न मी विचारणार नाहीये. जेवणाखाण्याचा विषय आज बंद.

इकडचं सांगतो. तुझ्याकडे पुन्हा टाळेबंदी लागली हे ऐकल्यापासून आई फडताळ आवरतेय. मिठाच्या आठ पिशव्या निघाल्या. आठ! माणसं दोन. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं करोनाची महासाथ जाहीर केली, त्या आठवड्यात तिनं काय काय आणून कोंबलं ते तिलाही आठवत नाही. तुझी आजी लढाईच्या काळात साखर मोजून मिळायची म्हणून जन्मभर निळ्या डब्यात साखर लपवत राहिली, आणि तिला सगळ्यात जास्त हसायची ती तुझी आई. आता स्वतः मिठावर बसलीय. मी काही बोललो नाही.

माझं खूळ तुला माहीत आहेच, पाव. एप्रिलमध्ये यीस्ट कुठे मिळेना, पीठ मिळेना. मला वाटलं, झालं, आता गहूच संपला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की कितीतरी ठिकाणी पीठ होतं, पण हॉटेलं आणि बेकऱ्यांसाठी भरलेल्या मोठ्या पोत्यांत. सगळं जग एकाच वेळी घरी जेवायला बसलं आणि लहान पिशव्या पुरेनात. यीस्टचं तेच. मग मी पीठ आणि पाणी कालवून बरणीत ठेवलं, कारण यीस्ट पिठात मुळातच थोडं असतं. आठव्या दिवशी ते फुगलं, नवव्या दिवशी झाकण उडालं. आईनं त्या बरणीला तुझ्या काकाचं नाव ठेवलंय. का ते तुला सांगायला नको.

पहिले चार पाव दगड झाले. पाचवा बरा होता. तो तुला फोनवर दाखवला होता, आठवतं? तू म्हणालीस, बाबा, वास इकडे आला. तेव्हा तुला वास यायचा.

हे लिहायचं नव्हतं. राहू दे आता, खोडत नाही.

घरात बसून खाण्याच्या वेळा कशा गेल्या ते माझं मलाच कळलं नाही. ऑफिसात एकला घंटा व्हायची, सगळे डबे उघडायचे, आपणही उघडायचा. घरी घंटा कोण देणार? अकराला फ्रीज उघडायचो, आत काही नवीन उगवलंय का बघायला. साडेअकराला परत. संध्याकाळचा चहा चारचा आणि पावणेपाचचा, असा दोनदा. जूनमध्ये पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं, बाहेरच्या बाजूला. आई म्हणते ही भूक नव्हे, कंटाळा. मी म्हणतो काळजी. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि गोड, तेलकट हवंसं वाटतं. झोप मोडली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. तेव्हा रात्री दीडला बिस्किटं खाणाऱ्या माणसाला एकदम हावरट म्हणू नये. हे मी माझ्याबद्दल लिहितोय. तुझ्या टेबलावर मागे बिस्किटांचे तीन रिकामे पुडे होते ते मी मोजले नव्हते.

बरं, आता लिहूनच टाकतो.

गेल्या रविवारी तू पाव भाजलास. फोन तू बरणीला टेकवून ठेवला होतास, त्यामुळे मला तुझा कोपर आणि ताटली एवढंच दिसत होतं. पाव काळा झाला होता. कडेला नुसता करपलेला नव्हता, मधोमध कोळसा होता. कांदा करपला तर अख्खं पातेलं ओतून देणारी तू, ऑफिसमधल्या भांडणाचं सांगत सांगत तो सगळा खाल्लास. उभ्यानं. आई उठून आत गेली. मी तेव्हा विचारलं, नीट जेवतेस ना? आणि मग रोज विचारत राहिलो. ते त्या काळ्या पावामुळे, छोटी. तू सहा दिवस तापात होतीस आणि आम्हाला सातव्या दिवशी सांगितलंस, त्यामुळे असेल. आता मला दिसतं तेवढ्यावरच माझा विश्वास बसतो.

लहानपणी कडू औषध द्यायचं तर आजी तुझं नाक दाबायची. तू तिच्या मांडीवर, डोळे गच्च मिटलेले, पायानं माझा चष्मा पाडलेला. औषध घशाखाली गेलं की नाक सोडायचं आणि मग तू भोकाड पसरायचीस, कारण पुरती चव तेव्हा कळायची. मला ती आजीची युक्ती वाटायची. आता वाचतोय तर हेच लिहिलंय. जिभेला कळतं ते खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी, म्हणजे रश्शासारखी भरलेली चव. बाकी जी चव म्हणतो ती घशामागून नाकात जाणारा वास. तुझं नाक सप्टेंबरपासून कुणीतरी दाबून धरलंय आणि सोडत नाहीये.

पण ते सुटतं. संशोधकांनी यंदा मांडलंय की हा विषाणू वास ओळखणाऱ्या पेशींपेक्षा त्यांच्या आधाराच्या पेशींना धरतो. आणि वासाच्या पेशी जन्मभर नव्यानं येत राहतात. परत येताना मात्र कधीकधी वास वेडेवाकडे येतात. कॉफी, कांदा, अंडं यांची घाण येते. तसं झालं तर घाबरून खाणं सोडू नकोस. तोवर जे कुरकुरीत आहे, गार आहे, तिखट आहे ते खा, तेवढं तोंडाला कळतं. मीठ मोजून घाल, चव लागत नाही म्हणून हात सैल सुटतो. दुधावर तारीख बघ, हुंगून तुला समजणार नाही. आणि गॅस! गॅसचं बटण दोनदा बघ, झोपण्यापूर्वी तिसऱ्यांदा. एखादा गळती सांगणारा अलार्म मिळाला तर लाव, पैसे मी देतो. जेवायला बस. ताटलीत घे, पातेल्यातून खाऊ नकोस. ठरलेल्या वेळी

थांबतो. वाचून पाहिलं तर कालचाच फोन झालाय, फक्त लांब. गेल्या महिन्यात शांततेचं नोबेल जागतिक अन्न कार्यक्रमाला मिळालं, ज्यांच्यापुढे ताटच नाही त्यांच्यासाठी झटतात म्हणून. आणि इथे मी, तू उभ्यानं खातेस की बसून याचा हिशेब ठेवतोय. चुकलं. रागावू नकोस.

तुला सांगितलं नाही, पण तू पाठवलेला तो तापाचा तक्ता मी छापून घेतलाय. दर चार तासांनी आकडा. रात्री तीनचासुद्धा. एका ठिकाणी आकड्याशेजारी "भात केला" असं लिहिलंय, १०१ ताप असताना. आणि बरी झाल्यावर पहिल्याच आठवड्यात खालच्या म्हाताऱ्या बाईंच्या दाराशी सूपचा डबा ठेवून, बेल वाजवून लांब उभी राहिलीस म्हणे. हे आईला सांगितलंस, मला नाही. मी हे तीन जणांना फोन करून सांगितलं. तक्ता माझ्या कपाटात आहे, पासपोर्टच्या पाकिटात.

या पत्राबरोबर एक खोकं येईल. त्यात चार बाटल्या आहेत, आत तेलात भिजवलेला कापूस. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये या चार वासांवर अभ्यास प्रसिद्ध केला, नाकाला पुन्हा सवय लावण्याचा. सकाळी आणि रात्री, एकेक बाटली वीसेक सेकंद, किमान बारा आठवडे. हुंगताना तो वास आठवायचाही, नुसतं नाक लावून उपयोग नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. चिठ्ठ्या आईच्या अक्षरात आहेत. लिंबाची चिठ्ठी तिनं दोनदा लिहिली, पहिल्या वेळी अक्षर हललं म्हणून.

रविवारी फोन तू कर. मी उचलीन आणि ऑफिसमधल्या त्या भांडणाचं पुढे काय झालं ते विचारीन. ते खरंच अर्धवट राहिलं होतं.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग दिसेल, तो लवंगेचा. झाकण कुणी सैल लावलं यावरून इथे सकाळपासून वाद चालू आहे. खोली भरून गेलीय. पाकिटात राहील तितका राहील.

तुझा,
बाबा