शेक बरोबर लागतो का, हे तपासतं कोण? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

मी आर्णी तालुक्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. माझ्या थोरल्या भावाला, वय 76, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. जिल्ह्याबाहेरच्या एका रुग्णालयात शेक घ्यायचे ठरले (रेडिओथेरपीला, म्हणजे किरणांच्या उपचाराला, आमच्याकडे शेकच म्हणतात) आणि तिथेच एका क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे उपचाराच्या चाचणीत, सामील होता का, अशी विचारणा झाली. संमतीपत्र मी दोनदा वाचलं. रक्त कधी घेणार, विमा किती, माघार कशी घ्यायची, सगळं होतं. मशीनमधून किरणांची ठरलेलीच मात्रा निघते का आणि ते बाहेरचं कोण तपासतं, याची एक ओळ नव्हती. विचारलं तर "काळजी करू नका सर" एवढंच उत्तर. वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का बघा, हे पोरांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. काळजी कशी नाही करणार?

ट्रायलला माझा विरोध नाही, उलट त्यांचे उपकारच आहेत. ब्रिटनच्या 'चिप' ट्रायलमध्ये प्रोस्टेट कॅन्सरचे 3,216 पुरुष होते. 37 शेकांत 74 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप) देण्याऐवजी 20 शेकांत 60 ग्रे पुरतात, हे त्यातून 2016 साली कळलं. आमच्या हिशेबात एसटीच्या 17 खेपा वाचल्या. पण रोज 2 ऐवजी 3 ग्रे जाणार, तर एका दिवसाची चूकही दीडपट पडणार. आणि तो निकाल आला तो केंद्रांची तपासणी करत करत. आपण 20 हा आकडा घेतला. तपासणीही घेतली का?

चूक फक्त मशीनचीच असते असं नाही. शेकाच्या वेळी मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं लागतं, नाहीतर प्रोस्टेट काही मिलिमीटर सरकतं आणि किरण शेजारी पडतात. एका दिवशी मशीन बंद पडलं. भाऊ पाणी पिऊन दोन तास बाकावर. शेवटी गुपचूप लघवीला जाऊन आला, आणि नंबर लागला तेव्हा तसाच टेबलावर झोपला. "लाजीपायी सांगतलंच नाही," असं मला परतीच्या गाडीत म्हणाला. शेकाआधी स्कॅन करून बघायला हवं होतं. त्या दिवशी कोणी बघितलं नाही. ट्रायलच्या वहीत मात्र असा दिवस 'शेक दिला' म्हणूनच चढतो.

याने किती फरक पडतो? डोके-मानेच्या कॅन्सरच्या एका आंतरराष्ट्रीय ट्रायलचा हिशेब 2010 साली छापून आला. ज्यांचे शेकाचे प्लॅन (किरण कुठे, किती द्यायचे याचा आराखडा) नीट होते त्यांच्यातले 70 टक्के दोन वर्षांनी हयात होते. प्लॅनमध्ये मोठ्या उणिवा होत्या त्यांच्यातले 50 टक्के. ज्या औषधासाठी ट्रायल मांडली, त्याचा उपयोग दिसलाच नाही. पाचपेक्षा कमी रुग्ण देणाऱ्या केंद्रांत अशा उणिवा जवळपास 30 टक्के, 20 किंवा जास्त रुग्ण देणाऱ्यांत सुमारे 5 टक्के.

हा आकडा वाचून कोणी म्हणेल, मग लहान केंद्रांना ट्रायल देऊच नका. साहेब, तसं करू नका. मुंबईत सिद्ध झालेलं औषध आर्णीच्या माणसाला चालेल, पण मुंबईत जमलेला शेक इथल्या मशीनवर, इथल्या माणसांकडून जमतो का हे इथेच बघावं लागेल. चूक फ्रान्समधल्या एपिनाल गावच्या रुग्णालयातही झाली होती. 2004-05 मध्ये तिथे प्रोस्टेटच्या किमान 23 रुग्णांना सुमारे 20 टक्के जास्त मात्रा गेली, काही दगावले. नवं सॉफ्टवेअर फ्रेंचमध्ये नव्हतं, प्रशिक्षण अपुरं होतं आणि आकडेमोड दुसऱ्या कोणी पडताळलीच नाही.

आणि हे फार खर्चाचं नाही. मात्रा मोजणारी छोटी साधनं टपालाने पाठवून तपासणी करण्याची पद्धत जगात 1969 पासून आहे. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्र ते काम करतं. ट्रायलचा पहिला शेक देण्याआधी ती तपासणी ताजी असावी. पहिल्या काही रुग्णांचे प्लॅन बाहेरच्या डॉक्टरने आणि मेडिकल फिजिसिस्टने (किरणांची मात्रा मोजणारा, तपासणारा तज्ज्ञ) बघावेत. 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रीड, म्हणजे देशातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं, आहे, माणसं त्यातून मिळतील. मेडिकल फिजिसिस्टची पदं भरा, नाहीतर बाकी सगळं कागदावर राहील. आणि संमतीपत्रात मराठीत एक ओळ: मशीन कोणी, कोणत्या तारखेला तपासलं.

भावाने ट्रायलच्या कागदावर अजून सही केलेली नाही. कागद माझ्या पिशवीत आहे. नेहमीचे शेक सुरू आहेत, आज अकरावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ