डावीकडची खिडकी

।। श्री ।।

बावधन, पुणे
२९ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. बावधनहून नारायण पेठेत रविवारी सकाळी वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं आणि ही बया टपालाने पत्र पाठवते, म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं आई म्हणेलच. पण बाबा, तुमचं कानाचं यंत्र टेबलाच्या खणात झोपलेलं असतं. परवा फोनवर मी "विमानातून मुंबई दिसली" म्हणून तीनदा ओरडले आणि तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "हो हो, जेवलो." तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच कळवायचं.

गेल्या मंगळवारी ऑफिसच्या कामाने कोचीला गेले. सकाळी मुंबईत एक बैठक होती, म्हणून विमान तिथूनच धरलं. विमानात मी एरवी कडेची जागा घेते, पाय लांब करता येतात म्हणून. या वेळी डावीकडची खिडकी मिळाली.

विमान धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला, कुर्ल्याच्या अंगाला, रांगेत उभं राहिलं. पुढे पाच-सहा विमानं होती. भिंतीपलीकडे घरांवर घरं आणि सगळ्यांवर निळी ताडपत्री. दोन-तीन दिवस पावसाने उघडीप दिली होती, तरी ताडपत्र्या कुणी काढल्या नव्हत्या, आणि शहाणपण केलं त्यांनी. एका पत्र्यावर मॅक्सी घातलेली एक बाई चढली होती. ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर जुनं टायर ठेवत होती. ठेवलं, चार पावलं मागे सरून पाहिलं, परत जाऊन हातभर सरकवलं. इतक्या जवळून विमानं घोंघावत होती, पण तिने एकदाही मान वर केली नाही. मिठी नदी तिथेच धावपट्टीच्या खालून जाते. मला २६ जुलै आठवला.

२००५ साली त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे नंतर पेपरात वाचलं. आपल्या घरी त्या दिवसाची मोजदाद वेगळी आहे. फोन बंद, गाड्या बंद, आणि आई देवापुढचा दिवा विझू देत नव्हती. तुम्ही तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी टेम्पोतून आलात, आणि पहिलं वाक्य काय, तर "डबा ऑफिसातच राहिला." आई त्यावर जे काही बोलली ते इथे लिहीत नाही.

असो. विमान उठलं आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच जुहूची वाळू मागे पडून खाली नुसता समुद्र. मग ते डावीकडे कललं. माझी खिडकी खाली झुकली आणि बाबा, सबंध मुंबई माझ्या मांडीवर आल्यासारखी झाली.

आधी माहीमची खाडी. मग सी-लिंक, तुम्ही निवृत्त झालात त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झालेला, म्हणजे तुमच्या मुंबईत तो नाहीच. साडेपाच किलोमीटरचा पूल, पण वरून पाहिला तर सुईतून निसटलेला दोरा पाण्यावर पडलाय असं वाटतं. त्याच्या टोकाला वरळीचा कोळीवाडा, मग हाजी अली, मग मलबार हिलचं हिरवं नाक आणि त्याच्या कुशीत चौपाटी. मरीन ड्राइव्हची कमान दिवसा अगदीच साधी दिसते. तिथून नजर कुलाब्याच्या टोकापर्यंत घसरत जाते आणि जमीन संपते.

माझी छाती दडपली ती दुसऱ्याच गोष्टीने. दोन्हीकडचं पाणी एकाच खिडकीत मावत होतं. अलीकडे उघडा समुद्र, पलीकडे बंदरात मुंग्यांसारखी थांबलेली जहाजं, आणि मधे ही चिंचोळी पट्टी, तिच्यावर सुईच्या टोकाएवढीही जागा मोकळी नाही. उत्तरेकडे पाहावं तर धुरकट होईपर्यंत इमारती. खाडी ओलांडली की परत इमारती. शिवडीहून निघालेला अटल सेतू जवळजवळ बावीस किलोमीटर पाण्यावरून आणि दलदलीवरून पलीकडे जातो, तर तिकडेही शहरच वाट बघत उभं.

लहानपणी तुम्ही ती सात बेटं माझ्याकडून घडाघडा म्हणून घ्यायचात, आठवतंय? माहीम, वरळी, परळ, माझगाव, मुंबई, धाकटा कुलाबा, कुलाबा. मी खिडकीला नाक लावून त्यांचे सांधे शोधले. एकही सापडला नाही. भराव घालणाऱ्यांनी असं काही लिंपून टाकलंय की पाणी होतं कुठे, याचा मागमूस नाही. तुमचं ऑफिस होतं ते बॅलार्ड इस्टेटही तसलंच. गोदी खणताना निघालेली माती टाकून शंभरेक वर्षांपूर्वी तयार केलेली जमीन. म्हणजे तीस वर्षं तुम्ही समुद्रावर बसून खतावण्या लिहिल्यात आणि घरी कुणाला पत्ता नाही!

मी तुमचा रस्ता शोधत होते. आझाद मैदान सापडलं, हिरव्या चौकोनांच्या ओळीत ते वरचं. त्याच्या कडेला व्हीटी असणार म्हणून बोट ठेवलं. घुमट काही दिसला नाही. तिथून बंदराच्या दिशेने बोट सरकवायला गेले, तर सरकवायला जागाच नाही. व्हीटी ते तुमचं ऑफिस, रोजची पंधरा मिनिटांची चाल, माझ्या करंगळीच्या नखाखाली अख्खी झाकली गेली. आणि तेवढ्यासाठी आई पावणेपाचला उठायची, सव्वासातची डेक्कन क्वीन, पाच दहाला परत, रात्री नऊला तुम्ही दारात.

विमानात बसल्या बसल्या एक हिशेब केला, तो तपासून द्या. पुणे ते मुंबई रेल्वेने १९२ किलोमीटर. जाऊन-येऊन ३८४. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे हजार दिवस अप-डाऊन केलं की माणूस चंद्रावर. १९७८ ते २००८ अशी तीस वर्षं, वर्षाला २८० दिवस धरले, तर तुमच्या चार चकरा झाल्या, जाऊन-येऊन. "संप आणि दरडी धरल्यास का?" असं तुम्ही विचाराल. नाही धरल्या. तुम्हीच वजा करा.

दहावीत असताना मी तुम्हाला म्हणाले होते, "तुम्ही इथे फक्त झोपायला येता." तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, पास प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून उगीचच पुसलात आणि परत ठेवलात. मला राग होता आणि त्याला कारणंही होती. गॅदरिंगला तुम्ही कधी नसायचात. दर १ जूनला गाडीचा वाढदिवस म्हणून तिथल्या केकचा तुकडा रुमालात बांधून घरी आणायचात, क्रीम सगळं रुमालाला. माझा वाढदिवस त्याच महिन्यात, तो मात्र यायच्या रविवारी. एका आगगाडीचा मत्सर करणारी मुलगी पुण्यात दुसरी नसेल. तुमच्या डब्यातल्या पासवाल्यांची नावं, कोणाला कुठली पानं लागायची, कोण रमीत चिडायचं, हे सगळं मला पाठ होतं, आणि माझ्या वर्गाची तुकडी तुम्हाला ठाऊक नव्हती. हे मी आज काढतेय ते भांडायला नाही. कटुता केव्हाच गेली, फक्त गोष्ट तशी होती एवढंच.

पण परवा आई बोलता बोलता म्हणाली की १९८४ साली तुम्हाला ऑफिसातून घरासाठी कर्ज मिळत होतं आणि डोंबिवलीला एक खोली बघूनही झाली होती. मला हे चाळीस वर्षांनी कळतंय! तुम्ही नको म्हणालात. आजीला तिकडचं पाणी मानवणार नाही, असं कारण सांगितलंत म्हणे. आजी तर दर उन्हाळ्यात आत्याकडे ठाण्याला दीड-दीड महिना राहायची आणि चार किलो वजन वाढवून यायची. तेव्हा हे कारण काही मला पटत नाही.

वरून ती गर्दी पाहताना हेच डोक्यात घोळत होतं. विमान अलिबागच्या बाहेरून दक्षिणेला वळलं, खांदेरी-उंदेरी दिसले, आणि डाव्या हाताला दूर सह्याद्रीवर ढगांची लांबलचक गादी पसरलेली. मी मनात म्हटलं, त्याच्याखाली खंडाळा असणार, बोगदे असणार, आणि कर्जतला वडे घेऊन धावत डबा पकडणारी माणसं असणार. शेजारच्या गृहस्थांना "आमचे बाबा रोज तिथून जायचे" असं सांगितलं. ते म्हणाले, "पायलट होते का?" मी हो म्हणून टाकलं. समजावत कोण बसणार?

सोबत एक कागद जोडला आहे. मुंबईच्या खालच्या टोकाचं वरून काढलेलं चित्र आहे, नावं नाहीत, रंगीत छापून आणलंय. भिंग घ्या, खिडकीपाशी उजेडात बसा आणि तुमचं ऑफिस होतं तिथे फुली मारा. व्हीटीहून चालायचात तो रस्ताही काढा. पेन्सिलीने काढा, तुम्हाला खाडाखोड चालत नाही. आणि मागच्या कोऱ्या बाजूवर डोंबिवलीचं खरं कारण लिहा. दोन ओळी पुरतील.

रविवारी येते तेव्हा कागद घेईन. आई, आळूची फदफदी करणार असलीस तर मी डबा आणत नाही.

तुमची,
ताई

ता. क. आई, ही ओळ एकटीच वाच. खिडकीच्या जागेचे साडेचारशे रुपये जादा मोजलेत. बाबांना सांगू नकोस, ते कोचीपर्यंतचं भाडं किलोमीटरवारी काढत बसतील.