स्वतःवर इतका रागावू नकोस

प्रिय मित्रा,

परवा काकांवर, तुझ्या आजारी बाबांवर, ओरडलास ते सांगितलंस, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. दिवसरात्र आजारी माणसाचं करणाऱ्या कुणाचाही आवाज कधीतरी चढतो. पण शेवटी म्हणालास, "माझ्यासारखा नालायक मुलगा कुणाच्या पोटी येऊ नये." ते फार लागलं. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी काकांच्या चेहऱ्याबद्दल. तुला वाटतंय, त्या दिवसापासून ते तुझ्याकडे दगडासारखे बघतात. अरे, तो राग नव्हे. काकांना झालेल्या पार्किन्सन्समध्ये, हालचाली मंदावणाऱ्या या मेंदूच्या आजारात, चेहऱ्याचे स्नायू आखडतात, हसू उमटत नाही, पापण्यांची उघडझापही कमी होते. माया आत तशीच असते, चेहरा ती दाखवू शकत नाही. आमच्या आण्णांचं तसंच झालं होतं. आई म्हणायची, यांच्या तोंडाकडे बघून काही कळायचं नाही, हात हातात घेतला की कळतं. तूही घेऊन बघ.

आणि ती संध्याकाळची वेळ. दुपारच्या गोळीचा जोर ओसरलेला, पुढच्या गोळीला अवकाश, काकांना बाथरूमची घाई आणि पाय नेमके उंबऱ्याशी चिकटलेले. तू दिवसभर शाळेत शिकवून दमलेला. अशा वेळी हाताला धरून ओढावंसंच वाटतं. पण ओढलं की पाय आणखी घट्ट रुततात, तोल जातो. त्यापेक्षा थांबायचं. त्यांना आधी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यायला सांग. मग तुझं पाऊल त्यांच्यापुढे आडवं ठेव आणि म्हण, हे ओलांडा. नाहीतर ठेका धर. काका भजनात टाळ वाजवायचे ना? 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणत टाळी दे. नेहमीचं चालणं आपसूक होतं, मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडलं की ते अडतं. बाहेरून रेघ किंवा ताल मिळाला की मेंदू पुष्कळदा दुसऱ्या वाटेनं पाय उचलून घेतो. आण्णा उंबरा असेच ओलांडायचे. गोळी जेवणाआधी अर्धा तास देता येईल का, हेही डॉक्टरांना विचार. डाळ-दुधातली प्रथिनं तिचं शोषण अडवतात. कदाचित तुमची ती वेळ थोडी सोपी होईल.

हे सगळं तू काकांसाठी चार दिवसांत शिकशील. माझं मागणं वेगळं आहे. हाच धीर जरा स्वतःलाही दे. रात्री अंथरुणावर पडलास की तुझंही मन त्या एका प्रसंगाशी अडून बसतं, आणि तू त्याला शिव्या घालत ओढत राहतोस.

टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ पासून स्वतःवरच्या करुणेचा अभ्यास मांडला आहे. त्या तीन गोष्टी सांगतात: एक, दुखतंय ते दुखतंय म्हणून ओळखावं, पण त्यात वाहवत जाऊ नये; दोन, असं होणारे आपण एकटे नाही हे ध्यानात धरावं; आणि तीन, स्वतःशी मित्रासारखं बोलावं. मला यातली दुसरी गोष्ट फार मोलाची वाटते. आपण पुंडलिकाची गोष्ट ऐकत मोठे झालो. आईबापाच्या सेवेपुढे त्यानं देवालाही विटेवर उभं ठेवलं. पण पुंडलिकाला रात्री झोप मिळत होती का, कधी त्याची चिडचिड झाली का, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. मग आपला तोल गेला की वाटतं, जगात आपणच एक वाईट. आण्णांच्या आजारपणात मी पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला गेलो होतो. तिथे आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि त्याचं करणाऱ्याला शुभंकर. एकेक शुभंकर बोलत होता आणि प्रत्येकाच्या घरात तुझ्यासारखी एक संध्याकाळ होती. कुणी मान खाली घातली नाही. तूही त्यांच्याशी बोल.

पुन्हा राग उसळला तर काकांना खुर्चीत नीट बसव आणि स्वयंपाकघरात जा. दोन्ही तळवे ओट्यावर टेक. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, चार-सहा वेळा. लांब सुटणाऱ्या श्वासानं हृदयाची धडधड उतरते. मग मी तुझ्या जागी असतो तर मला काय म्हणाला असतास, तेच स्वतःला म्हण. "दमलायस रे, बस जरा" एवढंच म्हणाला असतास ना? मी ओळखतो तुला.

नंतर काकांची माफी जरूर माग, एकदाच, साध्या शब्दांत. रोज रात्री स्वतःला शिक्षा करून त्यांचा एकही उंबरा सोपा होणार नाही. आणि रात्री फारच जड झालं तर १४४१६ वर फोन कर. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मला उठवलंस तरी चालेल.

ताईलाही स्पष्ट सांग, की महिन्यातले काही दिवस तिनं यावं. ती आपणहून विचारेल म्हणून वाट बघत बसू नकोस. तिला तुझी अवस्था माहीतच नाही.

येत्या शनिवारी सकाळच्या एसटीनं मी कोल्हापूरला येतो, सोमवारपर्यंत राहतो. काकांच्या गोळ्यांच्या वेळा, त्यांना काय चालतं, रात्री किती वेळा उठतात, सगळं एका कागदावर लिहून ठेव. काकांच्या खोलीत मी झोपेन. तू दार लावून झोप आणि संध्याकाळी वहिनींना घेऊन रंकाळ्यावर जा. घरी फोन करून "बाबा बरे आहेत ना" असं दर दहा मिनिटांनी विचारायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काकांना नमस्कार. वहिनींना सांग, माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही.

तुझाच