कारच्या एसीआधी सावलीचा विचार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च सरत आला की विदर्भातल्या गॅरेजांवर ‘एसी गॅस भरून मिळेल’ असे फलक झळकू लागतात आणि गाडी नीट गार होत नाही अशी तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, की गॅस कमी झाला आहे, भरून घ्या. एसीतला वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सांधे यांतून तो वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो हे खरे. परंतु दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय वरून वायू भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. शिवाय प्रमाणापेक्षा जास्त भरला गेला तरी गारवा कमीच होतो. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू ओझोनच्या थराला अपाय करत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. तेव्हा ही गळती केवळ ग्राहकाच्या खिशापुरती राहत नाही.

माझ्या मते गारव्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून, गाडी उभी असताना तिच्यात साठलेल्या उष्णतेत असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हवेचे तापमान ३८ अंशांच्या वर असताना उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत, स्टिअरिंग सुमारे ५३ अंशांपर्यंत आणि डॅशबोर्ड तर ६९ अंशांपर्यंत तापल्याचे आढळले. सावलीतल्या गाड्यांत हवा ३८ अंशांच्या आसपास राहिली आणि डॅशबोर्ड ४८ अंशांवर थांबला. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे नवतपा (मेअखेरचे ऐन उन्हाचे नऊ दिवस) सुरू होण्याआधीच पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि गाडी तासभर नव्हे, तर कार्यालय सुटेपर्यंत उन्हात उभी असते. आतली हवा काही मिनिटांत बदलता येते, परंतु डॅशबोर्ड, आसने आणि छत यांत मुरलेली उष्णता बराच वेळ बाहेर पडत राहते आणि एसीची पहिली पंधरा-वीस मिनिटे तिच्याशी झुंजण्यातच जातात.

म्हणून गाडीत बसताच काचा बंद करून ब्लोअर शेवटच्या टप्प्यावर नेण्याची आपली सवय उलटी आहे. त्या क्षणी आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापलेली असल्याने आधी समोरासमोरची दारे उघडून, मग काचा खाली ठेवून थोडे अंतर गाडी चालवावी आणि आतली हवा बाहेरच्या इतकी झाली की काचा लावून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे. गाडी जागेवर सुरू ठेवून ती गार होण्याची वाट पाहण्यात विशेष फायदा नाही. एसीतला वायू दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालत असल्याने इंजिन मंद असताना मंदच फिरतो आणि वायूतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला, म्हणजे कंडेन्सरला, वारा लागत नाही, त्यामुळे इंधन जळते पण गारवा यथातथाच मिळतो. मुंबई-कोकणातल्या वाचकांना आतली हवा फिरवण्याचे बटण आमच्यापेक्षाही अधिक उपयोगी आहे, कारण तिथे एसीची बरीच शक्ती हवेतला दमटपणा काढण्यात खर्ची पडते. गाडीखाली ठिबकणारे पाणी ते हेच. बाहेरची हवा सतत आत घेत राहिलो, तर हे काम कधी संपतच नाही.

दुसरी गोष्ट तापमानाच्या गोल बटणाची. घरातल्या एसीच्या अनुभवामुळे अनेक जण काटकसर म्हणून हे बटण निळ्या पट्ट्यातून मध्यावर आणतात. परंतु साध्या, हाताने चालवायच्या एसीमध्ये बटण मध्यावर आणल्याने सहसा कॉम्प्रेसरचे काम कमी होत नाही. आधी गार केलेल्या हवेत हीटरमधली गरम हवा मिसळली जाते इतकेच. अशा गाडीत बटण पूर्ण निळ्यावर ठेवून ब्लोअरचा वेग कमी करणे श्रेयस्कर. ज्या गाडीत अंशांचा आकडा लावता येतो, तिथे २४-२५ अंश पुरेसे होतात.

देखभालीत दोन कामे आपल्या हातची आहेत. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर काढून पाहिला तर पुष्कळदा तो धुळीने करडा पडलेला आढळतो. तो बदलला की ब्लोअरचा जोर लगेच वाढतो. कंडेन्सरच्या पातळ जाळीत धूळ, मेलेले किडे आणि एप्रिलमध्ये हमखास सावरीचा कापूस अडकतो. ही जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी, कारण जोरदार फवाऱ्याने जाळीची पाती वाकतात. हे दोन्ही पाहून झाल्यावरही गारवा नसेल, तर मेकॅनिककडे जावे आणि वायू भरण्याआधी गळतीची तपासणी करण्याचा आग्रह धरावा.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर आतलीच हवा तासन् तास फिरवत राहिल्यास प्रवाशांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो आणि चालकाला पेंग येऊ शकते. अर्ध्या-पाऊण तासाने काही मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी, थोडे उकडले तरी चालेल. उभ्या गाडीत इंजिन सुरू ठेवून, काचा लावून झोपणे तर जिवावर बेतू शकते.

काचांवर काळी फिल्म लावणे हा अनेकांना सोपा उपाय वाटतो, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच त्याला मनाई केली. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. उभ्या गाडीच्या पुढच्या काचेआड लावायचा चकाकता पडदा त्या मानाने स्वस्त, कायदेशीर आणि परिणामकारक आहे. तो मागच्या आसनावर गुंडाळून ठेवला जातो, हा भाग वेगळा.

परंतु सगळा भार एकट्या वाहनधारकावर टाकणेही बरोबर नाही. गाडी विकताना सांगितला जाणारा मायलेजचा प्रमाणित आकडा आजवर एसी बंद ठेवून केलेल्या चाचणीतून काढला गेला आहे. ज्या राज्यात मार्च ते जून एसीशिवाय गाडी चालत नाही, तिथल्या ग्राहकाला एसी सुरू असतानाचा आकडाही छापील स्वरूपात मिळायला हवा. आणि सावलीचे काय? रस्ता रुंदीकरणात जुने कडुनिंब तोडले जातात, मॉल व रुग्णालयांचे वाहनतळ मोकळ्या डांबरावर आखले जातात, सरकारी कचेऱ्यांबाहेर साहेबांची वाट पाहणारे चालक उन्हापासून बचाव म्हणून तास-दोन तास इंजिन आणि एसी सुरू ठेवतात. सामान्य मोटारीतसुद्धा यात तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जळते आणि शासकीय वाहनांच्या बाबतीत त्याचे पैसे आपणच भरतो. नागपूर महापालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने निदान आपल्या ताब्यातील वाहनतळांवर सौर पॅनेलचे छत उभारावे, तळाच्या पश्चिम बाजूला झाडे लावावीत आणि चालकांसाठी पंखा व पिण्याचे पाणी असलेली बसण्याची जागा करावी. पुढच्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाहनधारक वाचक, नागपूर