हॅमॉकची जाळी सुटी असावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उजनीच्या काठी किंवा नळदुर्गच्या बाजूला मुक्कामाला जाताना तंबूऐवजी हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधायची कापडी झोळी, नेणारी मंडळी आता सोलापुरातही दिसू लागली आहेत. मच्छरदाणीचे कापड आणून तिची जाळी घरच्या मशीनवर शिवण्याची हौसही वाढते आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र यातील बऱ्याच जाळ्या झोळीच्या कडांना कायमच्या शिवलेल्या असतात. आपल्या हवामानाला ही रचना सोयीची नाही, एवढेच मांडण्यासाठी हे पत्र.

पहिली अडचण खालून येते. झोळीचे पातळ नायलॉन झोपणाऱ्याच्या पाठीला ताणून चिकटलेले असते आणि डास त्यातून सहज सोंड खुपसतो. त्यामुळे जाळी केवळ वरून असेल, तर पाठ उघडीच राहते. सोलापुरी चादर आत अंथरली तर चावे कमी होतात आणि थंडीत पाठीचा गारठाही तुटतो; पण मे महिन्यात, दिवसा पारा चाळिशीपलीकडे गेल्यावर, रात्री ती कोणाला सोसणार? त्यापेक्षा संपूर्ण झोळीला उशीच्या अभ्र्यासारखी वेढणारी सुटी जाळी शिवावी. तिच्या दोन्ही टोकांना नेफा धरून नाडी ओवावी आणि आत शिरण्यासाठी तळाशी लांबट फट ठेवून तीही नाडीनेच आवळावी, म्हणजे सर्वांत आधी बिघडणारी चेन मुळातच टळते. जाळी अंगाला टेकली की तिचा उपयोग संपतो. म्हणून झोळीच्या दोन टोकांमध्ये, तिच्या लांबीच्या सुमारे 83 टक्के, म्हणजे 3 मीटरच्या झोळीला अडीच मीटर, दोरी वरून ताणून जाळी तिच्यावर टाकावी आणि कोपर बाहेर रेलले तरी अंतर उरेल इतका घेर ठेवावा.

कापड निवडताना छिद्रे पाहावीत. चौरस इंचाला 156 छिद्रांची नेहमीची जाळी डासांना पुरते. पाण्याकाठची बारीक चिलटे आणि वाळूमाशी मात्र तिच्यातून आत येतात, तेथे अधिक दाट विणीची जाळी हवी. दाट जाळीतून वारा कमी खेळतो, हेही खरे. जाळी सुटी असेल, तर ठिकाण पाहून ती बदलता येते. शिवताना असे कापड मशीनच्या पायाखाली गोळा होते, तेव्हा खाली पातळ कागद धरून त्यासह टीप मारावी आणि नंतर कागद फाडून काढावा. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. शिवाय आपल्याकडे झोळी बांधायला जागोजागी मिळते ती बाभूळ, आणि तिच्या एका काट्याने जाळीला लांब चीर जाते. झोळीला शिवलेली जाळी फाटली, तर सगळाच संच उसवावा लागतो.

वरच्या आच्छादनाचेही तसेच. जलरोधक कापड झोळीभोवती घट्ट गुंडाळल्यास श्वासातील बाष्प आत साचून पहाटे पांघरूण ओले होते, म्हणून थंडीचे आच्छादन छातीपर्यंतच आणावे आणि तोंडाजवळ हवेला वाट ठेवावी. अवकाळी पावसासाठीचे छत वेगळ्या दोरीवर, झोळीच्या बरेच वर ताणावे. पाणी झोळी झाडाला बांधणाऱ्या पट्ट्यावरून ओघळत झोळीत उतरते. छताच्या आत आल्यावर पट्ट्याला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधला, की ते तेथूनच खाली ठिबकते.

शाळेचे गणवेश शिवणारे इतके कारखाने या शहरात असताना सुट्या जाळ्या येथेच शिवल्या जाणे अवघड नाही. ज्यांनी हे काम हाती घ्यावे, त्यांनी वेष्टनावर ‘उत्तम प्रत’ असे मोघम न छापता जाळीची लांबी, घेर आणि चौरस इंचातील छिद्रसंख्या द्यावी, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे करतो.

आपला,
एक वाचक, सोलापूर