हॉस्टेलच्या बाथरूममधली सिरिंज

फोंडा, गोवा

चि. मैथिलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू हॉस्टेलच्या बाथरूममध्ये सिरिंज दिसल्याचं सांगितलंस, डोपिंगची शंका काढलीस आणि वर म्हणालीस, "आई, सगळेच घेतात, मग मी एकटीनेच कशाला तोंड उघडू?" त्या वेळी आपल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर दोघं-तिघं प्रिस्क्रिप्शन धरून उभे होते, म्हणून "नंतर बोलू" म्हटलं. फोनवर हे धड बोलता येणार नाही, तेव्हा लिहितेच. पप्पांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते उद्याच गाडी काढून तुला आणायला निघतील.

आधी तुझ्या त्या "सगळेच"चं बघू. 2023 साली भारतात बंदी असलेल्या औषधांसाठी खेळाडूंचे 5,606 नमुने तपासले, त्यातले 213 दोषी निघाले. म्हणजे शंभरात जेमतेम चार. एवढ्या चाचण्या करणाऱ्या देशाला हा आकडा लाजिरवाणाच आहे, आणि पकडले जातात त्यांच्यापेक्षा घेणारे जास्त असणार, हे मला दुकानात बसून कळतं. जिममधली पोरं येतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच विचारतात, "वयनी, डेका आसा?" डेका म्हणजे नँड्रोलोन, स्नायू फुगवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वजनगटात खेळणारी लॅसिक्स मागतात. हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटची ती गोळी ह्यांना हवी असते वजन उतरवायला आणि लघवीत बाकीचं लपवायला. डॉक्टरची चिठ्ठी आण म्हटलं की पुढच्या दुकानाची वाट धरतात. पण दुकानात खेळणारी पोरं कितीतरी येतात, त्यात अशी मोजकीच. "सगळेच घेतात" हे सगळ्यात आधी घेणाराच म्हणतो. त्याला सोबत हवी असते.

ह्याची किंमत कोण मोजतं बघ. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेला बांबोळीच्या स्टेडियमवर आपण दोघी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. नंतर त्याच स्पर्धेतले पदकवाले डोपिंगमध्ये सापडल्याच्या बातम्या आल्या. त्यातल्या कुठल्या शर्यतीला आपण खऱ्या टाळ्या वाजवल्या, कोण जाणे. त्याआधी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाची, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेची माणसं आल्याची कुणकुण लागली, तर 100 मीटरच्या फायनलला ट्रॅकवर एकच धावपटू! बाकीच्यांना एकाएकी क्रॅम्प आले. लोक हसले, व्हिडिओ फिरले. आणि गेल्या महिन्यात तुझी वेळ सुधारली म्हणून मी पेढे वाटले, तेव्हा शेजारच्या काकी हसत हसत विचारतात, "काय घेते की काय गो ती?" मी पेढ्यांचा डबा मिटला आणि घरी आले. त्या काकींनाही पुरता दोष देता येत नाही, हेच जास्त लागलं.

तू म्हणशील, पकडायला चाचण्या आहेत, माझं काय काम? इथेच मला खरं सांगायचंय. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं घे. 1999 ते 2005, टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत ओळीने सात वेळा जिंकला. चाचण्या शेकड्यांनी झाल्या, तरी हा मोकळाच. 1999 मध्ये एकदा कॉर्टिकोस्टेरॉइड हे बंदीतलं औषध सापडलं होतं. तेव्हा टीमने काय केलं? सीटवर बसून झालेल्या फोडांच्या मलमाचं प्रिस्क्रिप्शन मागची तारीख घालून तयार केलं. फार्मासिस्टच्या पोटात कालवावं अशी गोष्ट! हे बाहेर आलं कुणामुळे, तर टीममध्ये मालिश करणाऱ्या एमा ओ'रायली नावाच्या बाईमुळे. ते ठरलं तेव्हा ती त्याच खोलीत होती. तिने बोलल्यावर आर्मस्ट्राँगने तिच्यावर दावा लावला, तिच्या चारित्र्यावर घसरला. पुढे त्याच्या टीममधलेच साथीदार बोलले, तेव्हा कुठे 2012 मध्ये सातही किताब गेले आणि 2013 च्या जानेवारीत त्याने टीव्हीवर कबुली दिली.

रशियाचंही तेच. 2014 च्या सोची ऑलिंपिकला लॅबच्या भिंतीलाच भोक होतं. रात्री खेळाडूंच्या लघवीच्या बाटल्या त्यातून पलीकडे जायच्या आणि स्वच्छ होऊन परत यायच्या. लॅबच सामील असेल तर चाचणी करून करणार काय? आपल्या दिल्लीच्या लॅबचीही मान्यता 2019 मध्ये वाडाने, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने, निलंबित केली होती. ती परत मिळाली 2021 अखेर. रशियातलं बिंग फुटायला आधी युलिया स्तेपानोवा आणि तिचा नवरा बोलावे लागले. धावणारीच होती ती, तुझ्यासारखी 800 मीटरवाली, आणि स्वतःही डोपिंगमध्ये अडकलेली. तुला खोटं सांगणार नाही, तिला देश सोडावा लागला, आणि रिओ ऑलिंपिकला धावू द्यायलाही ऑलिंपिक समितीने नकार दिला. बोलणाऱ्याचे हाल होतात. म्हणून तू बोल, पण शहाणपणाने बोल.

आता तू काय पाहिलंस ते नीट आठव. सिरिंज केवढी होती? इन्सुलिनची बारीक, एक मिलीची असते आणि सुई केसासारखी. तशी असेल तर एखाद्या मुलीला डायबिटीस असेल, आणि तुझ्या एका शब्दाने बिचारीचं वाटोळं होईल. नँड्रोलोन तेलातलं असतं, त्याला जाड सुई लागते. शेजारी फोडलेली अँप्यूल, इंजेक्शनची काचेची कुपी, होती का? बी12 चं असेल तर तळाला लालभडक थेंब राहतो. सिरिंज कुणाची हे तुला माहीत नाही, तेव्हा कुणाचंही नाव घेऊ नकोस, रूममेटपाशीसुद्धा नाही. काय, कुठे, किती वाजता, एवढंच वहीत लिही. पुन्हा दिसली तर हात न लावता फोटो काढ.

आधी कोचकडे जाऊ नकोस. तुझे सर चांगले असतील, मी शंका घेत नाही. पण 2011 मध्ये आपल्या रिलेच्या मुली अडकल्या, तेव्हा त्यांनी बोट दाखवलं ते परदेशी कोचने ताकदीसाठी दिलेल्या जिनसेंग ह्या मुळीकडे. नाडाला थेट कळवता येतं, आणि वाडाचं 'स्पीक अप' हे तक्रारीचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे नाव न देताही सांगता येतं. तिथली माहिती आपण दोघी मिळून भरू.

आणि स्वतःला जप. नरसिंग यादव आठवतो ना, तीनदा महाराष्ट्र केसरी? जेवणात कुणीतरी कालवलं असं तो म्हणत राहिला. नाडाने ते मानलं, पण क्रीडा लवादाने नाही. रिओत कुस्तीच्या तोंडावर चार वर्षांची बंदी. अंगात सापडलं की जबाबदारी तुझीच, कसं आलं हे नंतर. तेव्हा बाटली उघडी टाकून वॉर्मअपला जायचं नाही, कुणाच्या डब्यातली प्रोटीन पावडर घ्यायची नाही. खोकला झाला तर आधी मला फोन. क्रिकेटपटू पृथ्वी शॉला आठ महिने बसवलं ते खोकल्याच्या सिरपमधल्या टर्ब्युटालिनमुळे, आणि तसली सिरप माझ्या दुकानात हाताशीच ठेवलेली असतात.

चवथीचं तिकीट काढलंस का? पप्पा गणपतीवर टांगायच्या माटोळीची सुपारी, नारळ आतापासूनच शोधतायत. अँप्यूलचा फोटो असला तर आजच पाठव, लेबल मी वाचते.

तुझी,
आई