मिनियापोलिसहून आई-बाबांना, जून २०२५

ती. आई आणि बाबा यांना,
सा. न.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझा आवाज हल्ली असा का येतो? तिथं कुणी काही बोललं का तुला?" मला कुणी काही बोललेलं नाही. बोललं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. जे झालंय ते फोनवर सांगायला जमत नाही, म्हणून लिहायला बसले. आई, तूही वाच. बाबांकडून थोडक्यात ऐकू नकोस.

गेल्या महिन्याच्या २५ तारखेला जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला जाऊन पाच वर्षं झाली. वीस डॉलरची एक नोट खोटी असल्याच्या संशयावरून पोलिसांना बोलावलं गेलं, आणि एका पोलिसाने त्याच्या मानेवर साडेनऊ मिनिटं गुडघा दाबून धरला. १७ वर्षांच्या एका मुलीने ते फोनवर टिपलं म्हणून जगाला कळलं. तो चौक आमच्या घरापासून लांब नाही. तेव्हा मी तुम्हाला लांबलचक मेल लिहिली होती, आठवतं? आमच्या गल्लीत घरोघरी अंगणात पाठिंब्याच्या पाट्या लागल्या होत्या. पावडरहॉर्न पार्कमध्ये नऊ नगरसेवक व्यासपीठावर उभे राहिले आणि हे पोलीस खातं आम्ही मोडीत काढू, नवीन काहीतरी उभं करू, असं सगळ्यांसमोर बोलले. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसच्या जवळच्या रस्त्यावर पिवळ्या रंगात भलीमोठी अक्षरं रंगवली गेली: काळ्यांच्या जिवाला मोल आहे. त्या पोलिसाला पुढच्या वर्षी साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. पोलिसाला अशी शिक्षा होणं या देशात किती दुर्मीळ, ते इथे राहणाऱ्यालाच कळतं.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस खात्याच्या जागी नवं खातं आणायचा प्रस्ताव शहराने मतदानात फेटाळला. त्याचा मला राग नाही. शहराच्या उत्तर भागात काळ्यांची वस्ती जास्त आहे, गोळीबारही तिथेच जास्त होतो, आणि तिथल्या कित्येकांनी स्वतःच विरोधात मत दिलं. त्यांना पोलीस हवे होते, पण माणसासारखे वागणारे. मला लागलं ते वेगळं. त्या मतदानानंतर माझ्या ओळखीचे लोक सुटल्यासारखे झाले. एक ओझं उतरलं, आता आपापल्या कामाला लागू, असा भाव होता.

जून २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने दोन वर्षांच्या चौकशीचा अहवाल दिला. इथले पोलीस काळ्यांशी आणि मूळ अमेरिकन लोकांशी पद्धतशीर भेदभाव करतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यावरून न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणा करायचा करार ठरला. या वर्षी २१ मेला, म्हणजे पाचव्या स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी, त्याच खात्याने न्यायालयाला कळवलं की आम्हाला आता हा करार नको. सरकार बदललं होतं. वॉशिंग्टनमधली ती पिवळी अक्षरं तर मार्चमध्येच यंत्रं लावून उखडली. आणि आमच्या गल्लीतल्या पाट्या? त्या कुणी रागाने काढल्या नाहीत. ऊन, पाऊस, बर्फ खाऊन रंग उडाला, वाकल्या, कुणीतरी कचऱ्यात टाकल्या. नवीन कुणी लावल्या नाहीत.

बाबा, द्वेष करणाऱ्यांची मला भीती वाटते, पण त्यांच्याकडून माझी अपेक्षाच नव्हती. माझा विश्वास उडालाय तो चांगल्या माणसांच्या दमावरून. ही माणसं खोटी नव्हती. रडली होती, मोर्चात चालली होती, पैसे दिले होते. पण ज्यांच्यासाठी रडली त्यांचं दुःख संपायच्या आत यांचं संपलं.

माझ्याच कामातलं एक सांगते, कारण हे मी रोज हाताळलेलं आहे. आप्पाकाकांच्या डायलिसिसमुळे तुम्हाला क्रिएटिनिन माहीत आहे. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड किती काम करतंय त्याचा आकडा काढायचं एक सूत्र असतं, वय आणि लिंग धरून. इथे त्या सूत्रात आणखी एक गुणाकार होता: रुग्ण काळा असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणायचं. समजा ५५ वर्षांचे दोन पुरुष आहेत, दोघांचं क्रिएटिनिन ३.६. गोऱ्याचा आकडा येतो १८, काळ्याचा २१. मूत्रपिंड मिळण्याच्या यादीतली वाट बघायची मुदत सुरू होते आकडा २० पर्यंत किंवा त्याखाली उतरला की. म्हणजे रक्त तेच, आजार तोच, पण गोरा रांगेत उभा राहिला आणि काळ्याला सांगितलं, अजून तुमची वेळ आली नाही. आणि या देशात मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण काळ्यांमध्येच गोऱ्यांच्या कितीतरी पट आहे.

हा गुणाकार या ना त्या रूपात वीसेक वर्षं चालला. काही अभ्यासांत काळ्या लोकांचं क्रिएटिनिन सरासरीने थोडं जास्त दिसलं होतं, त्यावरून तो आला. कुणी दुष्टपणाने बसवलेला नव्हता. तो वापरणारे डॉक्टर सज्जन, मायेने बोलणारे. रिपोर्टवर दोन ओळी छापलेल्या असायच्या, एक काळ्यांसाठी, एक इतरांसाठी, आणि आम्ही सगळे ते कागद पुढे सरकवत होतो. मिश्र रक्ताच्या माणसाला कुठल्या ओळीत बसवायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. सप्टेंबर २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तो गुणाकार काढायला सांगितलं. २०२३ पासून हजारो काळ्या रुग्णांची वाट बघण्याची तारीख मागे नेऊन दुरुस्त केली गेली. हे २०२० नसतं तर इतक्या लवकर झालं नसतं, आणि अजून टिकून आहे. हे मी मुद्दाम सांगते, म्हणजे काहीच झालं नाही असं तुम्हाला वाटू नये. पण जे तारीख मागे नेईपर्यंत जगलेच नाहीत, त्यांचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही.

आता आपल्या माणसांबद्दल. आई, हे तुला आवडणार नाही, पण लिहायलाच हवं. इथल्या आपल्या गोतावळ्यात मला खूप माया मिळाली. बाळंतपणात डबे आले, लॉकडाऊनमध्ये औषधं दारात ठेवली गेली. त्याच घरांमध्ये जेवताना मी ऐकलंय, "आपण दोन बॅगा घेऊन आलो आणि उभे राहिलो, यांना एवढ्या पिढ्यांत काय झालं?" घर घ्यायचं म्हटलं की सल्ला येतो, त्या बाजूला नको, तिथे 'ते' लोक आहेत.

आपल्याला इथे येता आलं ते कशामुळे? ३ ऑक्टोबर १९६५ ला नवीन कायद्यावर सही झाली तोपर्यंत भारतीयांना वर्षाला जेमतेम शंभर जागा होत्या. तो कायदा त्याच लाटेत आला, ज्या लाटेत एक वर्ष आधी नागरी हक्कांचा कायदा आला आणि दोनच महिने आधी काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा. त्यासाठी मार खाल्ला, कुत्र्यांचे चावे सोसले, जीव दिले ते काळ्या माणसांनी. आम्ही त्या उघडलेल्या दारातून डिग्र्या घेऊन आत आलो आणि दार उघडणाऱ्यांना विचारतो की तुम्ही अजून ओसरीवर का?

यालाही जुना इतिहास आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाचा नागरिकत्वाचा दावा इथल्या सर्वोच्च न्यायालयात आला. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यात होता. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्यांना मिळे. त्याच्या बाजूने युक्तिवाद झाला की उच्च जातीचा हिंदू हा आर्य, म्हणजे गोराच, आणि लग्नसंबंधांत तो भारतातल्या आदिवासींकडे तसंच पाहतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. निकालानंतर कित्येक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वसुद्धा काढून घेतलं गेलं. बाबा, मला हे वाचून रात्री झोप लागली नाही. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाची बाजू मांडताना सगळ्यात मोठा पुरावा म्हणून काय पुढे केलं, तर आम्ही कुणाला खाली ठेवतो ते. आणि शंभर वर्षांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर तेच चाललंय, फक्त कोर्टाची भाषा गेलीय.

तुम्ही आठवीच्या वर्गात दरवर्षी एक गोष्ट सांगायचात. मीही त्याच बाकावर होते. जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवायला निःस्वार्थपणे झीज सोसली, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्रांना सोडवावं. ते सांगताना तुमचा आवाज भरून यायचा. अमेरिका हा शब्द माझ्या मनात असा शिरला, व्हिसा-बिसा फार नंतर.

पण पुढचं आपल्याला कुणी सांगितलं नाही. त्या अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या मुक्त झालेल्यांच्या संरक्षणाला राहिलेलं शेवटचं सैन्यही उत्तरेच्या राजकारण्यांनी काढून घेतलं. निवडणुकीचा वाद मिटवायचा होता, आणि लोकही कंटाळले होते. त्याआधी दक्षिणेतल्याच मिसिसिपी राज्यातून एक काळा माणूस सिनेटमध्ये निवडून गेला होता! मग मतं हिरावली गेली, झाडांना माणसं लटकवली गेली, आणि मताचा हक्क पुन्हा खरोखर हातात यायला १९६५ उजाडलं. ८८ वर्षं. ज्यांची जोतिरावांनी थोरवी गायली त्यातलेच कितीतरी तेव्हा जिवंत असतील, चांगले कपडे घालून रविवारी चर्चमध्ये जात असतील. हे मला इथल्या ग्रंथालयात कळलं, आणि आजूबाजूला पाहिलं तर सगळे चेहरे ओळखीचे.

आई, तू म्हणालीस की गावातही आरक्षणाच्या भांडणानंतर हळदीकुंकवाला काही घरं येईनाशी झालीत आणि अमक्याच्या दुकानातून किराणा घेऊ नका असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. ज्या बायकांनी तुझ्याबरोबर तीस वर्षं पापड लाटले त्या. तुला फोनवर रडू आलं तेव्हा मी गप्प राहिले, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. अजूनही नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात, "मग ये की परत." नाही येणार. इथलं मन उडालं म्हणून तिथे यायचं तर तिथे काय वेगळं आहे? मी इथेच राहीन. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी उत्तर भागातल्या एका चर्चच्या तळघरात मोफत रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी असते, तिथे जाते. पाच वर्षांपूर्वी आम्ही वीसजण असायचो. आता चार-पाच. मोठा उत्साह नाही वाटत, पण जायचं सोडलेलं नाही.

तुमच्याकडून एक हवंय. वाचनालयात तुम्ही अजून मुलांना जोतिराव सांगता ना? या नोव्हेंबरात पुण्यतिथीला सांगाल तेव्हा १८७३ बरोबर १८७७ सुद्धा सांगा. मुलं लहान आहेत असं म्हणू नका, आम्हीही तेवढेच होतो. आणि मुलं काय विचारतात ते मला सविस्तर लिहून पाठवा, फोनवर नको.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला की फोटो पाठवा. साखर तपासायची पट्टी संपत आली असेल, अविला सांगून ठेवलंय.

तुमची,
वैशू